हातावरचे पोट

वसंत व्याख्यानमालेत इतिहासाचा विषय म्हटला म्हणजे गड, लढाया आणि राज्यकर्ते यांची आठवण होणे साहजिक आहे. आम्ही निवडलेला विषय त्या जातीचा नाही. माणसाच्या पोटात पू झाला, तो सर्वत्र पसरला आणि त्याचे विष रक्तात भिनले, म्हणजे पूर्वी काय होत असे, आज काय होते, आणि या दोहोंच्या दरम्यान जी सुमारे दीडशे वर्षे गेली त्यांत कोणी काय केले, याची हकीकत आम्ही सांगणार आहोत. आम्ही डॉक्टर नव्हे. हाटकेशच्या उद्योगनगरात जे गाळे आहेत, त्यांतील कामगारांची संघटना बांधण्यात आमची उमेदीची वर्षे गेली. या कामात कारखान्याच्या दाराइतकेच रुग्णालयाच्या दाराशीही बसावे लागते. तेथे बसल्या बसल्या जे प्रश्न पडले, त्यांची उत्तरे आम्ही मिळेल त्या पुस्तकातून आणि भेटेल त्या डॉक्टरांकडून गोळा केली. हा विषय आम्हाला खरा शिकवला तो मात्र एका पॉलिशवाल्याने. त्याची गोष्ट पुढे येईलच.

प्रथम रोग समजून घेऊ. आपल्या पोटाच्या पोकळीला आतून आणि आतड्यांना बाहेरून एक पातळ, ओलसर, चकचकीत पडदा असतो. त्याला शास्त्रात पर्युदर म्हणतात. तो उलगडून पसरला तर अंगावरच्या कातडीएवढा भरेल. आतड्याच्या आत अब्जावधी जंतू नांदत असतात, आणि ते आत आहेत तोवर त्यांचा उपद्रव नसतो. परंतु टायफॉइडने आतड्याला भोक पडले, जठरातला व्रण फुटला, आंत्रपुच्छ म्हणजे लोक ज्याला अपेंडिक्स म्हणतात ते सडून फुटले, किंवा अपघातात आतडे फाटले, की ती सगळी घाण या स्वच्छ पडद्यावर येते. पोट फळीसारखे ताठ होते. अंग भाजल्यावर जसे पाणी झिरपते तसे त्या एवढ्या मोठ्या पडद्यातून पाणी झिरपू लागते. रक्तातला द्रव कमी होतो, रक्तदाब उतरतो, लघवी थांबते, श्वास लागतो, माणूस बरळू लागतो. म्हणजे दुखणे पोटाचे, पण बंद पडतात मूत्रपिंडे, फुप्फुसे आणि हृदय. यालाच पर्युदरशोथ आणि त्यातून होणारा सर्वांगाचा जंतुदोष म्हणतात.

हा रोग आपल्या पूर्वजांना ठाऊक नव्हता असे नाही. सुश्रुताने उदररोगांत ‘परिस्रावी’ नावाचा एक प्रकार सांगितला आहे. काटा, हाड किंवा असेच काही टोकदार गिळले जाऊन आतडे भेदले गेले म्हणजे तो होतो. त्यावर पोट बेंबीच्या खाली, डाव्या बाजूस उघडावे, आतडे बाहेर काढावे, शल्य दूर करावे, आणि भोकाच्या कडा जुळवून त्यांवर मोठ्या काळ्या मुंग्या डसवाव्यात. मुंग्या डसल्या की त्यांची धडे तोडून डोकी तशीच राहू द्यावीत, असा विधी त्याने दिला आहे. आजच्या टाक्यांचे हे मूळ म्हणावयास हरकत नाही. भोक बंद केल्यावाचून गती नाही, ही मुख्य गोष्ट त्याने नेमकी ओळखली होती. भूल, निर्जंतुक हत्यारे आणि जंतू मारणारी औषधे ही तीन साधने मात्र त्याच्यापाशी नव्हती. ती मिळेपर्यंत कित्येक शतके जावी लागली.

ईथर १८४६ साली आले, क्लोरोफॉर्म १८४७ साली आले, आणि जखमेत जंतू शिरू न देण्याची लिस्टरची पद्धत १८६७ साली प्रसिद्ध झाली. याच सुमारास आपल्याकडेही पाया घातला जात होता. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज आणि जे. जे. रुग्णालय १८४५ साली सुरू झाले होते. तरीही पोटात पू पसरलेल्या रोग्याला बहुधा अफू देऊन वेदना शमवीत आणि वाट पाहत. १८८६ साली बॉस्टनच्या रेजिनाल्ड फिट्झ यांनी दाखवून दिले, की अशा कित्येक मृत्यूंचे मूळ आंत्रपुच्छात असते. ते वेळीच काढले तर माणूस वाचेल. हे मत सर्वमान्य होण्यास मात्र वेळ लागला. इंग्लंडमधील नामवंत शस्त्रवैद्य सर फ्रेडरिक ट्रीव्ह्ज यांचा या रोगात मोठा अधिकार होता. पण त्यांची स्वतःची मुलगी १९०० साली याच रोगाने गेली.

दोनच वर्षांनी त्याच ट्रीव्ह्जना राजवाड्यातून बोलावणे आले. २६ जून १९०२ रोजी सातव्या एडवर्डचा राज्याभिषेक व्हावयाचा होता. देशोदेशीचे पाहुणे लंडनला येऊन उतरले होते. राजाच्या पोटात उजव्या बाजूस गळू झाले होते, आणि राजा हट्टाने म्हणत होता की समारंभ होणारच. २४ जूनला, म्हणजे अवघे दोन दिवस राहिले असता, ट्रीव्ह्जनी बकिंगहॅम राजवाड्यातच शस्त्रक्रिया करून पू काढून टाकला. आंत्रपुच्छ काढलेच नाही. राजा वाचला. समारंभ पुढे ढकलला गेला आणि ९ ऑगस्टला पार पडला. साम्राज्य साडेसहा आठवडे थांबले. ही तारीख श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढे तिचे काम पडणार आहे.

आता आपल्या महाराष्ट्रातली हकीकत पाहू. महात्मा गांधींना मार्च १९२२ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली आणि ते येरवड्याच्या तुरुंगात होते. जानेवारी १९२४ मध्ये त्यांच्या पोटात तीव्र वेदना सुरू झाल्या आणि ताप आला. निदान आंत्रपुच्छाचे झाले. १२ जानेवारीला त्यांना पुण्याच्या ससून रुग्णालयात हलविण्यात आले. मुंबईचे डॉ. दलाल आणि डॉ. जीवराज मेहता यांना बोलावण्याचा विचार होता, पण तेवढा अवकाश नव्हता. त्याच रात्री सिव्हिल सर्जन कर्नल मॅडॉक यांनी शस्त्रक्रिया केली. नामदार श्रीनिवास शास्त्री त्या वेळी रुग्णालयात हजर होते. शस्त्रक्रिया चालू असता विजेचे दिवे गेले, हाती असलेली बॅटरीही दगा देऊ लागली, आणि राहिलेले काम कंदिलाच्या उजेडात पुरे करावे लागले. एक इंग्रज सरकारी डॉक्टर इंग्रज सरकारच्या कैद्याचे पोट कंदिलावर शिवतो आहे, हा प्रसंग आपल्या इतिहासात विरळाच.

पण आमच्या विषयाला महत्त्वाचे आहे ते त्यानंतरचे. शस्त्रक्रिया यशस्वी झाली, तरी जखमेपाशी पू झाला आणि प्रकृती अपेक्षेप्रमाणे लवकर सुधारेना. त्या काळी पेनिसिलिन नव्हते. शुश्रूषा, विश्रांती आणि वेळ हेच औषध. सरकारने ५ फेब्रुवारीला शिक्षेचा राहिलेला भाग माफ करून त्यांना बिनशर्त सोडून दिले. मार्चमध्ये ते मुंबईस जुहूच्या समुद्रकाठी विश्रांतीसाठी गेले आणि मेच्या अखेरीपर्यंत तेथे राहिले. एप्रिलमध्ये त्यांनी आपल्या साप्ताहिकांचे संपादन पुन्हा हाती घेतले. मोतीलाल नेहरू आणि चित्तरंजन दास यांच्याशी बोलणी तेथेच झाली. म्हणजे आधी पडून राहणे, मग लिहिणे, मग बोलणी, मग प्रवास, असा क्रम होता. जानेवारी ते मे असे साडेचार महिने गेले. गांधीजींसारखा कष्टाळू आणि नेमस्त आहाराचा माणूस, वय चौपन्न, सेवेला माणसे हजर, आणि रोग वेळीच पकडलेला. तरी साडेचार महिने.

ज्या जीवराज मेहतांना त्या रात्री पुण्यास पोहोचता आले नाही, ते पुढे परळच्या के. ई. एम. रुग्णालयाचे आणि शेठ गोर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजचे अनेक वर्षे अधिष्ठाता होते. हे रुग्णालय १९२६ साली गिरणगावाच्या मध्यावर उभे राहिले, आणि तेथे भारतीय डॉक्टरच नेमावेत अशी देणगीदारांची अट होती. गिरणी कामगाराचे फुटलेले आंत्रपुच्छ आणि टायफॉइडने भोक पडलेले आतडे आता आपल्याच माणसांच्या हाताखाली येऊ लागले. त्याच वर्षी जर्मनीत मार्टिन किर्श्नर यांनी शस्त्रक्रियेचे सूत्र स्पष्ट मांडले. पूचा उगम आधी बंद करा, मग पोट साफ करा, साचलेले बाहेर काढून द्या. नळ फुटला असता पोतेरे फिरवून भागत नाही, आधी चावी बंद करावी लागते, हे आपल्या घरची बाई जाणते. हे सूत्र पाळले तेथे मृत्यू बरेच घटले. परंतु उगम बंद करूनही रक्तात गेलेले जंतू राहतच, आणि त्यांना मारण्याचे साधन अद्याप नव्हते.

ते साधन दुसऱ्या महायुद्धाने दिले. १९२८ साली फ्लेमिंगला दिसलेले पेनिसिलिन १९४१ साली ऑक्सफर्ड येथे प्रथम एका रुग्णास उपचार म्हणून टोचले गेले. स्वतंत्र भारतात ते आपल्या पुण्याजवळ तयार झाले. पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना १९५४ साली स्थापन झाला आणि १९५५ साली त्यात उत्पादन सुरू झाले. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांचे त्याला साहाय्य होते. कामगारांनी बनविलेले औषध कामगारांच्या दंडात जाऊ लागले. अर्थात पोटातल्या जंतूंवर एकट्या पेनिसिलिनचे चालत नाही. १९७० च्या दशकात अमेरिकेत उंदरांवर प्रयोग करून असे दिसले, की आतड्यातील जंतूंच्या दोन टोळ्या असतात. एक पहिल्या काही दिवसांतच जीव घेते. दुसरी हवेवाचून जगणारी. ती मागाहून पोटात गळवे करते. तेव्हा दोघींवर दोन वेगळी औषधे हवीत. मेट्रोनिडाझोल हे औषध दुसऱ्या टोळीसाठी तेव्हापासून वापरात आले. आज जुलाबाच्या रोग्याच्या उशाशीही त्याची पाकिटे दिसतात, पण त्याची मोठी कामगिरी पोटाच्या शस्त्रक्रियेत आहे.

आता अतिदक्षता विभागाकडे वळू. त्याचा जन्म पोटाच्या रोगातून झालेला नाही. १९५२ साली कोपनहेगन शहरात पोलिओची भयंकर साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडून माणसे गुदमरून मरत. ब्योर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने गळ्याला छिद्र पाडून नळी घातली आणि रबरी पिशवी हाताने दाबून हवा भरली. यंत्रे पुरेशी नव्हती. तेव्हा वैद्यकाचे सुमारे १५०० विद्यार्थी पाळ्या लावून रात्रंदिवस पिशव्या दाबत बसले. मृत्यू निम्म्याहूनही खाली आले. आम्ही हे प्रथम वाचले तेव्हा डोळ्यांपुढे गिरणीची तिसरी पाळी उभी राहिली. जे काम पुढे व्हेंटिलेटर करू लागला, ते आधी माणसांच्या हातांनी केलेले आहे. १९५३ साली इब्सेनने अशा रोग्यांसाठी वेगळा विभाग उघडला.

दुसरे यंत्र मूत्रपिंडाचे. हॉलंडमध्ये जर्मनांचा अंमल असता १९४३ साली विलेम कोल्फ या डॉक्टरने रक्त गाळण्याचे यंत्र केले. त्याने सॉसेज भरण्याच्या सेलोफेनच्या नळ्या वापरल्या, आणि ते यंत्र बांधून देण्यास कांपेन गावच्या एनॅमलच्या भांड्यांच्या कारखान्याने हात दिला. भाईंदर-हाटकेशच्या भांडीवाल्या कामगारांना आम्ही ही गोष्ट आवर्जून सांगतो. आज डायलिसिसवर जे जगतात, त्यांच्या यंत्राचा पूर्वज भांड्यांच्या कारखान्यातून निघाला आहे.

मुंबईत या शास्त्राचा पाया घालणाऱ्यांत डॉ. फारोख उडवाडिया यांचे नाव अग्रभागी आहे. जे. जे. रुग्णालयात धनुर्वाताच्या रोग्यांवर त्यांनी केलेले काम सर्वश्रुत आहे. धनुर्वात हा अनवाणी चालणाऱ्यांचा आणि गंजलेल्या पत्र्यावर राबणाऱ्यांचा रोग. म्हणजे आपल्याकडेही हे शास्त्र गरिबाच्या खाटेशीच वाढले. पुढे १९९३ साली अतिदक्षता वैद्यकाची अखिल भारतीय संस्था मुंबईतच स्थापन झाली.

या सर्वांचा संगम पोटाच्या रोग्याच्या खाटेपाशी होतो. शस्त्रवैद्य भोक बंद करतो किंवा आतड्याचे तोंड पोटावर आणून तेथे पिशवी लावतो. जंतूंवर औषधे चालतात. रक्तदाब, श्वास आणि मूत्रपिंडे यांना यंत्रे आणि औषधे तोलून धरतात. कधी आतडी इतकी सुजतात की पोट शिवताच येत नाही. त्यावर १९८४ साली कोलंबियातील बोगोटा येथे ओस्वाल्दो बोर्राएझ या तरुण डॉक्टरने सलाईनची रिकामी प्लास्टिकची पिशवी कापून पोटावर शिवली. गरीब रुग्णालयातली ही युक्ती पुढे जगभर गेली. पोट ठराविक दिवसांनी पुन्हा पुन्हा उघडून धुवावे, की जरूर पडली तरच उघडावे, हा वाद पुष्कळ वर्षे चालला. हॉलंडमधील २३२ रुग्णांच्या पाहणीने २००७ साली त्याला बरेचसे उत्तर दिले. जरूर पडली तरच उघडलेल्या रुग्णांत मृत्यू वाढले नाहीत, उलट शस्त्रक्रिया पुष्कळ वाचल्या आणि रुग्णालयातील दिवस कमी झाले.

वेळेचे महत्त्व किती, हे जपानमधील एका रुग्णालयाने २०१४ साली प्रसिद्ध केले. आतड्याला भोक पडून रक्तदाब ढासळलेल्या १५४ रुग्णांत, रुग्णालयात आल्यापासून शस्त्रक्रिया सुरू होईपर्यंत जसजसा एकेक तास गेला तसतसे जगणारे घटत गेले, आणि सहा तासांहून अधिक उशीर झालेल्यांपैकी एकही वाचला नाही. एका रुग्णालयाचे आकडे सर्वत्र तसेच लागू पडतील असे नव्हे. पण हाटकेशहून मुंबईच्या मोठ्या रुग्णालयापर्यंत, महामार्गावर दहिसर नाक्याच्या गर्दीतून, रुग्णवाहिका कशी जाते ते येथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे.

आता हिशेब मांडू. २०१९ साली ४२ देशांतील ३०९ अतिदक्षता विभागांतल्या २६२१ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. हे सर्व पोटातील जंतुदोषाचे रुग्ण होते. त्यांपैकी शंभरांत सुमारे २९ दगावले. म्हणजे ७१ जगले. जो रोग दीडशे वर्षांपूर्वी बहुधा मरणाचे आमंत्रण होता, त्यातून अत्यवस्थ झालेली शंभरातली सत्तर माणसे आज परत येतात. हा मनुष्यजातीचा फार मोठा पराक्रम आहे.

परंतु या ७१ जणांचे पुढे काय होते? इतिहासाचे पुस्तक बहुधा येथेच मिटते. आमचा प्रश्न येथून सुरू होतो.

सुमारे बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. उद्योगनगरातील एका गाळ्यात बफिंगच्या चाकावर स्टीलच्या डब्यांना चकाकी आणणारा एक कोकणी तरुण होता. पोट दुखू लागले तेव्हा तो तीन दिवस दुकानातल्या गोळ्या खाऊन कामावर येत राहिला, कारण खाडा झाला की रोज बुडतो. ज्याचे पोट हातावर असते तो पोटाचे दुखणे अंगावर काढतो, हा आमच्याकडचा अलिखित नियम आहे. चौथ्या दिवशी तो चाकाशीच कोसळला. आंत्रपुच्छ फुटून पू पसरला होता. दोनदा पोट उघडावे लागले. एकोणीस दिवस तो अतिदक्षता विभागात होता, त्यांपैकी अकरा दिवस व्हेंटिलेटरवर. बाहेर आला तेव्हा पोटावर पिशवी होती. ती काढण्याची शस्त्रक्रिया तीन महिन्यांनी झाली. त्यानंतर पंधरा दिवसांनी त्याला कामास योग्य असल्याचा दाखला मिळाला.

आम्ही पेढे वाटले. आणि येथे आमची चूक झाली, ती सांगितलीच पाहिजे. मालक त्याला परत घेण्यास नाखूष होता; आम्ही चार माणसे घेऊन गेलो, भांडलो, आणि सोमवारपासून त्याला त्याच चाकावर उभा केला. आम्हाला वाटले, लढाई जिंकली. बुधवारी दुपारी डबा त्याच्या हातून निसटून चाकाने भिरकावला, तो शेजारच्या कामगाराच्या कानावरून गेला. मालकाने दोघांसमोर हात जोडले आणि म्हणाला, आता तुम्हीच सांगा. आम्हाला काही सांगता येईना. संध्याकाळी चहाच्या टपरीवर तो तरुण आम्हाला म्हणाला, “दादा, हातात जोर नाही असं नाही हो. हात माझा वाटतच नाही. आणि रात्री डोळा लागला की यंत्राची टीं-टीं ऐकू येते.” आम्हाला वाटले होते की माणूस बरा झाला. तो नुसता जगला होता.

पुढे वाचले तेव्हा कळले की हे त्याचे एकट्याचे दुखणे नव्हे. इंग्लंडमधील २०१३ सालच्या एका पाहणीत अत्यवस्थ रुग्णांच्या मांडीच्या स्नायूचा छेद दहा दिवसांत सुमारे १८ टक्क्यांनी घटलेला आढळला. खाटेवर पडल्या पडल्या शरीर स्वतःचे मांस खाते. नसाही दुबळ्या होतात. मनावर आघात राहतो. झोप उडते, स्मरण मंदावते, भलतीच भीती वाटते. २०१० नंतर डॉक्टरांनी या सगळ्याला एक नाव दिले. मराठीत आपण त्याला अतिदक्षतेनंतरची व्याधी म्हणू. कॅनडातील टोरांटो येथे फुप्फुसे निकामी होऊन अतिदक्षता विभागात राहिलेल्या आणि वाचलेल्या रुग्णांचा वर्षभर मागोवा घेण्यात आला. २००३ साली त्याचा अहवाल आला. वर्षअखेर त्यांतील सुमारे निम्मेच कामावर परतले होते. फुप्फुसांवरील रोग वेगळा असला तरी खाट तीच आणि दुर्बलता तीच.

यावर उपाय नाही असे नाही. अमेरिकेत २००९ साली १०४ रुग्णांवर प्रयोग झाला. व्हेंटिलेटरवर असतानाच रोज थोडा वेळ झोपेचे औषध थांबवून रुग्णाला उठवून बसविले, हातपाय हलवायला लावले. अशांपैकी शंभरांत ५९ जण घरी जाताना आपले आपण वावरू लागले होते. ज्यांना तसे केले नाही त्यांत ३५. म्हणजे बरे होण्याची सुरुवात अतिदक्षतेच्या खाटेवरच करावी लागते. पण तिचा शेवट तेथे होत नाही. तो घरी होतो, आणि कामाच्या जागी होतो.

आता त्या दोन तारखांकडे परत येऊ. राजाच्या पोटातला पू निघाला तेव्हा साम्राज्याचा सोहळा साडेसहा आठवडे थांबला. गांधीजींची जखम चिघळली तेव्हा सरकारने चार वर्षांची उरलेली शिक्षा सोडून दिली, आणि ते हलक्या कामापासून सुरुवात करीत सावरले. पॉलिशवाल्यासाठी काय थांबले? चाक दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या हाती फिरू लागले.

विश्रांती ही दयेने मिळत नाही, ती मिळवावी लागते, हे आपल्या कामगार चळवळीने फार पूर्वी ओळखले होते. ठाण्याचे नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची पहिली संघटना उभारली आणि १८९० साली रविवारची सुट्टी मिळवून दिली. १८९७ सालच्या प्लेगात रुग्णसेवा करीत असता ते स्वतःच त्या रोगाने गेले. पुढे प्रा. आडारकर यांनी १९४४ साली आजारपणाच्या विम्याची योजना आखून दिली. तिच्यातून १९४८ सालचा कामगार राज्य विमा कायदा झाला. १९५२ साली कानपूर आणि दिल्ली येथे, आणि १९५४ साली मुंबईत तो अमलात आला. पुढे आजारपणात वर्षाकाठी ९१ दिवसांपर्यंत पगाराचा सुमारे सत्तर टक्के भाग मिळू लागला. त्या कायद्याच्या कलम ७३ ने आजारपणाचा लाभ घेत असलेल्या कामगाराला कामावरून काढण्यास मनाई केली. ज्यांनी हे मिळविले त्यांचे ऋण मोठे आहे. २०२० साली संसदेने हा आणि इतर कायदे एकत्र करून सामाजिक सुरक्षेची संहिता मंजूर केली. कायद्याचे नाव बदलले तरी आमच्या गाळ्यांतला प्रश्न तोच राहतो. त्या कायद्याचा लाभ मस्टरवर नाव असलेल्याला. आणि आमच्या पॉलिशवाल्याचे नाव मस्टरवर नव्हते. गाळ्यात माणसे चौदा, मस्टरवर सात. शिवाय ९१ दिवस म्हणजे तीन महिने. गांधीजींना साडेचार लागले होते.

उपचाराचा खर्चही आता पूर्वीसारखा निव्वळ सावकाराच्या दारात नेणारा राहिलेला नाही, हे मान्य केले पाहिजे. २०१२ साली राज्यात जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. २०१७ साली तिला महात्मा जोतीराव फुले यांचे नाव मिळाले, आणि २०२३ साली कुटुंबामागे दीड लाखाची मर्यादा पाच लाख करण्याचे ठरले. पण ही योजना रुग्णालयाचे बिल भागवते. घरी पडून असलेल्या माणसाच्या चुलीचे आणि भाड्याचे काय, याचे उत्तर तिच्यात नाही. ते शोधणे आपल्या हाती आहे.

त्या बुधवारनंतर आम्ही काय केले ते सांगून आटोपते घेतो. त्या तरुणाला आम्ही चाकावरून काढले. शेजारच्या गाळ्यात डब्यांना झाकणे लावून ते कागदात गुंडाळण्याचे बसून करावयाचे काम होते; तेथे त्याला अर्धा दिवस ठेवले. उरलेल्या अर्ध्या रोजाची भर त्याच्या सोबत्यांनी वर्गणी काढून घातली. पहिले दोन महिने तो दिवसाला शंभर झाकणेही लावू शकत नसे. सातव्या महिन्यात तो पूर्ण दिवस बसू लागला. चाकावर तो पुन्हा गेलाच नाही. मात्र आज तो त्याच कामाचा मुकादम आहे.

या सभेत कामगार आहेत तसे गाळेमालकही आहेत, आणि डॉक्टरही आहेत. प्रत्येकाला आमची एकेक विनंती आहे. डॉक्टरांनी दाखल्यावर नुसते ‘कामास योग्य’ असे न लिहिता कोणत्या कामास, किती तास, कोणत्या महिन्यापासून, हे लिहावे. मालकांनी गाळ्यातील प्रत्येक माणसाचे नाव मस्टरवर घ्यावे, आणि पोट दुखते म्हणणाऱ्याचा पहिल्या दिवसाचा रोज कापू नये. तीन दिवसांच्या गोळ्यांपेक्षा तो रोज स्वस्त पडतो. आणि कामगार बंधूंनो, रुग्णालयातून परतलेल्या सोबत्याला पेढे जरूर द्या, पण सोमवारी त्याच्या हाती चाक देऊ नका. ही चूक आम्ही एकदा केली आहे.